बोया निघाला पहाडगंजला

"मॅडमजी, यह चुंबक ना निकले, बस. निकला तो समझो जाग गया," असं ऑफिसच्या स्टोअरमधल्या धिंग्राजींनी चेतनाला बजावलं होतं. एकदा नाही, खोकं गाडीत ठेवतानाही पुन्हा.

एरवी चेतना सूचना ऐकणाऱ्यांतली. द्राक्षं उभी चिरून द्यावीत, बाल्कनीला जाळी हवी, व्हॅनवाल्याचा नंबर नवऱ्याकडेही असावा, हे सगळं ती चार वर्षांच्या अक्षयासाठी डोळ्यांत तेल घालून पाळत असे. पण ही सूचना यंत्राची होती. "मेरे घर में कौन निकालेगा, धिंग्राजी?" असं हसत म्हणून तिने खोकं फरीदाबादला घरी आणलं.

खोक्यात बोया होता. भोपळ्याएवढा गोळा. समुद्रात सोडला की प्रवाहाबरोबर वाहत राहतो आणि आपण कुठे आहोत, पाणी किती गरम आहे, हे उपग्रहाला कळवत राहतो. असे बोये जगभर सोडावे लागतात, पण त्यासाठी कुणी खास जहाज काढत नाही. त्या वाटेने जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या हातापाया पडावं लागतं. दिल्लीला समुद्र नसला तरी समुद्राची फाईल आहे, आणि हातापाया पडण्याचं काम त्या फाईलसकट चेतनाकडे आलं होतं.

हा बोया तिचा पहिलाच, स्वतःच्या जबाबदारीवरचा. मॉरिशसच्या खाली नकाशावर एक रिकामी जागा होती, तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. कॅप्टन धीरज नावाच्या रत्नागिरीकर गृहस्थांनी महिनोन्‌महिने आढेवेढे घेऊन अखेर जहाज जरा वाकडं न्यायला होकार दिला होता. जहाज मुंबईहून दसऱ्याच्या संध्याकाळी सुटणार होतं. कस्टममधून बोया सुटला तो नेमका सुट्ट्यांच्या तोंडावर. स्टोअर बंद, विमानाचं कुरिअर दसऱ्याला सकाळी. म्हणून मधला मुक्काम घरी.

मधला दिवस खंडेनवमीचा. चेतना अक्षयाला घेऊन करोल बागेत फ्रॉक बघत होती, तेवढ्यात कॅप्टनांचा फोन आला.

"अभिनंदन मॅडम! बोया सोडलात म्हणे."

"मी? कुठे?"

"ते तुम्हालाच ठाऊक. आमच्या कंपनीला मेल आलाय, बोया कार्यरत झाला, सहकार्याबद्दल आभार. मग मी उद्यापर्यंत थांबू कशाला? कंपनी म्हणते, आज संध्याकाळीच निघा, आणि सरळ निघा."

"कॅप्टन, प्लीज, थोडं थांबा!"

"थांबतो हो. पण भरती थांबत नाही, आणि आमचे मॅनेजर तर अजिबात नाहीत."

चेतनाने फोनवर नकाशा उघडला. निळ्या समुद्रांवर हिरवे ठिपके पसरले होते. एक ठिपका मात्र मथुरा रोडवर होता, आणि तो चालत होता.

तिने घरी सुधन्वाला फोन लावला.

"बाबांनी सकाळी पूजा केली ना," नवरा म्हणाला. "पाना, पक्कड, मिक्सर, माझा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली. आणि तुझा बोया. सूनबाईचं आयुध म्हणाले."

"त्याला लाल पट्टी होती, चुंबकाची..."

"हां, ती काढली. देवाला काय टोपी घालून बसवतात का, म्हणाले."

"आणि तू बघत बसलास?"

"मी आरती म्हणत होतो, यार."

"बोया कुठे आहे आता?"

"इथेच... अरे, नाहीये. बाबाही नाहीत."

"त्यांना फोन लाव!"

"लावला. इथेच वाजतोय, चार्जरवर."

सासरे, म्हणजे सूर्यकांत, दिल्लीतल्या मंत्रालयातून निवृत्त झाल्यापासून फोन घरीच ठेवून फिरत. लोकेशन शेअर करा म्हटलं की विचारत, "मी काय पार्सल आहे का?" आज पहिल्यांदाच ते कुठे आहेत हे घरात कळत होतं. घरातच कशाला, साऱ्या जगाला कळत होतं.

कारण तेवढ्यात मार्टिनचा फोन आला. हा परदेशातला अतिशय सभ्य माणूस जगभरचे बोये सांभाळत असे. त्याने चिंतेने विचारलं, "तुमचा बोया उत्तरेकडे विलक्षण वेगाने चाललाय. तिकडे वादळ आहे का?"

"ऑटोरिक्षा आहे," चेतना म्हणाली.

मार्टिनने बहुधा ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "तो बोलायचा थांबला की 'समुद्रात सोडला' ही नोंद मी मागे घेईन. तोवर नियमाने तो समुद्रातच आहे."

ठिपका आश्रम चौकात अडकला, सुटला, निजामुद्दीन ओलांडून पहाडगंजात शिरला आणि थांबला. चेतनाने फ्रॉक तसाच काउंटरवर टाकला आणि ऑटो पकडली.

"पहाडगंज में कहाँ, मॅडम?"

"जहाँ यह हरा बिंदू है."

ड्रायव्हरने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "किसका पीछा कर रहे हो जी? साहब का?"

"ससुरजी का."

त्यानंतर ऑटो फारच जोरात निघाली.

"मम्मा, आजोबा बिंदू है?" अक्षयाने विचारलं.

"'आहेत' म्हणावं, बाळा. नीट धरून बस."

वाटेत मार्टिनचा निरोप आला. "तापमान एकदम उतरून स्थिर झालंय. बोया आता पाण्यात आहे. खरंच सोडला नाहीत ना, मॅडम?"

दिल्लीत पाणी म्हटलं की तिला एकच जागा आठवली. पण ठिपका यमुनेपासून लांब होता, मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत. आणि मग तिला अंबादासकाका आठवले. सासऱ्यांचे ऑफिसातले जुने मित्र. एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत, दिल्लीच्या भाषेत बरसातीत, एकटेच राहत.

अक्षयाला कडेवर घेऊन ती जिने चढली. गच्चीत पत्र्याचा टब होता. टबात हळदीकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला बोया डुलत होता. दोन्ही बाजूंना दोन म्हातारे स्टुलं टाकून बसले होते.

"ये ये, सूनबाई!" सूर्यकांत म्हणाले. "पत्ता बरोबर सापडला की!"

"बाबा, हा इथे कशाला आणलात?"

"अंब्याने जन्मात समुद्र पाहिला नाही. यवतमाळहून निघाला तो थेट दिल्लीत फायलींत बुडाला. म्हटलं, निदान समुद्राला जाणारा तरी दाखवू."

"तरंगतो झकास," अंबादासकाका म्हणाले. "मीठही घातलंय बरं का टबात. त्याला परकं वाटू नये."

"काका, चुंबक कुठे आहे? लाल पट्टीचं?"

सूर्यकांतांनी खिसे चाचपले. अंबादासकाका मात्र अभिमानाने आत बोट दाखवत म्हणाले, "कपाटाला लावलंय. कॅलेंडर सारखं पडायचं, आता काय बिशाद!"

चेतनाने धावत जाऊन चुंबक ओढलं, बोया पुसला आणि ते जागच्या जागी बसवलं. मागे कॅलेंडर पडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने मार्टिनने कळवलं, बोया झोपला, नोंद मागे घेतली. मग कॅप्टनांचा फोन. "पाठवा उद्या. मॅनेजरला समजावलंय. आणि कुंकू राहू द्या, आमच्या खलाशांना बरं वाटेल."

बोया आपल्या जागी पोचला. तेव्हापासून अंबादासकाका रोज सकाळी फरीदाबादला फोन करून एकच विचारतात, "आज पाणी किती?" सूर्यकांतही चेतनाच्या मागे लागून आकडा घेतात आणि सांगतात. एकदा पाणी जरा गार होतं, तर काकांनी काळजीने विचारलं, "पांघरूण नाही ना रे त्याला?"

पण सोमवारपासून काकांचा फोन नाही. केला तर नुसता वाजतो. अक्षयाला कांजिण्या आल्यात, सुधन्वा गुवाहाटीला टूरवर आहे, सूर्यकांतांचा गुडघा सुजलाय आणि जिने चढवत नाहीत. बोया तिकडे हिंदी महासागरातून सतत बोलतोय. पहाडगंज बोलत नाही.

म्हणून चेतना सध्या भेटेल त्याला सांगते आहे, आणि तुम्हालाही सांगते. त्या बाजूला गेलात तर शाळेच्या मागच्या गल्लीत शिरा, अगदी वर बरसातीपर्यंत जा. दाराला वाळलेली झेंडूची माळ दिसेल. कडी जोरात वाजवा. आज पाणी किती, असं आतून कुणी ओरडलं तर उत्तम. त्यांना म्हणावं, आज पाणी सव्वीस आहे. पण बघून या, एवढं करा.