सेवाखंडाचा दिवस

संस्थेत तात्पुरत्या शास्त्रज्ञाची नेमणूक अकरा महिन्यांची असे. मग एक दिवसाचा सेवाखंड आणि पुन्हा अकरा महिने. सलग वर्ष भरले तर माणूस कायमपणावर हक्क सांगेल, अशी संस्थेला रास्त भीती होती. त्या एका दिवशी तरुण शास्त्रज्ञ संस्थेच्या लेखी अस्तित्वात नसे. त्याची बुरशी मात्र असे. प्लॅस्टिक पचवायला शिकवलेल्या त्या बुरशीला दर आठ तासांनी भरवावे लागे.

सातव्या सेवाखंडाला तो नेहमीप्रमाणे फाटकावर अभ्यागत म्हणून उभा राहिला. पहारेकऱ्याने नोंदवही उघडली.

"कोणाला भेटायचंय?"

"बुरशीला."

"नातं? गेल्या साली 'परिचित' लिहिलंय."

"पालक लिहा, काका. सात वर्षं वाढवलीय तिला."

"बरोबर आहे," म्हणत पहारेकऱ्याने गंभीरपणे खाडाखोड केली. "कोणावर गेलीय?"

त्याच दुपारी बुरशीने प्लॅस्टिकची अख्खी बादली कडीसकट फस्त केली. जगात हे प्रथमच घडत होते. तो धावतच आस्थापना शाखेत गेला. होणारे सासरे सहा वर्षे सांगत होते, "कायम झालात की तारीख काढू." आता तारीख निघणार होती.

हेडक्लार्क बाईंनी चष्मा पुसला. "शोध कोणी लावला?"

"मी, मॅडम."

"आज तुम्ही नाही आहात. बसा. तिकडे, अभ्यागतांच्या बाकावर."

समिती बसली. तिने तौलनिक तक्ता केला: सात नेमणुकांत शोध शून्य, सेवाखंडाच्या एका दिवसात शोध एक. निष्कर्ष अटळ होता. सेवेमुळे संशोधनात व्यत्यय येतो. सबब, विज्ञानाच्या व्यापक हितार्थ, यापुढे सेवाखंड अकरा महिन्यांचा व नेमणूक एक दिवसाची राहील.

"आणि माझं कायम होण्याचं?" त्याने चाचरत विचारले.

"केलंय ना," बाई आपुलकीने म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातात नवा पास ठेवला. त्यावर शिक्क्यानिशी लिहिले होते: कायम अभ्यागत. "आता दर वर्षी फाटकावर ताटकळायला नको."

रविवारी वर्तमानपत्रात मथळा आला: 'नोकरीविना घडवला इतिहास'. ते कात्रण, वाचक महाशय, आपण मुलांच्या टेबलासमोर चिकटवलेत आणि याला ध्येयवेड म्हणतात, असे त्यांना समजावलेत. संध्याकाळी तो पास घेऊन होणाऱ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आपल्याच, दारात उभा राहिला. आपण त्याची पाठ थोपटलीत, धाकट्याला त्याची सही घ्यायला लावलीत. मग पास उलटसुलट पाहिलात आणि आवाज खाली आणत म्हणालात,

"ते सगळं खरं हो. पण नोकरीचं काहीतरी बघा."