काळी क्लिप

बगारा बैंगनमधली मोठी मोठी वांगी बायकोनं, त्रिवेणीनं, दुसऱ्या डब्यात भरली, तेव्हाच श्रीकांतचं तोंड कडू झालं. दुसरा डबा प्रणिताचा होता. प्रणिता म्हणजे पुण्याहून हैदराबादला आलेली, त्याच्या ऑफिसातली नवी इंजिनिअर. हळदीकुंकवाला भेट झाल्यापासून त्रिवेणीला तिची फार माया, आणि तो डबा अंबरपेठेतून स्कूटरवर न्यायचा श्रीकांतनं.

"एकटी राहते बिचारी."

"बिचारी कशाची? माझी खुर्ची खायला बसलीय ती!"

"तुमच्या घराण्यातच आहे हे जळणं," त्रिवेणी झाकण लावत म्हणाली. "मामंजींचं विसरलात?"

ते कोण विसरेल? शेजाऱ्याच्या रेडिओला सिलोन स्पष्ट लागतं म्हणून श्रीकांतच्या वडिलांनी, मुकुंदरावांनी, आपली एरिअलची तार वाढवत वाढवत थेट त्याच्याच गच्चीवर नेली होती. श्रीकांत दोन्ही डबे घेऊन निघाला.

खुर्ची म्हणजे प्रोजेक्ट हेडची. एका इलेक्ट्रिक ऑटो बनवणाऱ्या कंपनीला सर्किट हवं होतं. बॅटरीजवळच्या दोन तारा, दोन्हींवर चारशे व्होल्ट. दोन्हींतला फरक मात्र कणभर, तोही पापणी लवेपर्यंत. सर्किटनं चारशे व्होल्टकडे ढुंकूनही न बघता तेवढा ठोका टिपायचा. लाडबाजाराच्या गर्दीत एकाच बांगडीची किणकिण ऐकावी, तसं काम. श्रीकांतनं एक बोर्ड केला होता, प्रणितानं एक. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच सप्लायला जोडलेले. दुपारी कंपनीचे अरविंदराव येऊन एक निवडणार, आणि ज्याचा बोर्ड त्याची खुर्ची.

प्रणिताचा बोर्ड गुणी बाळासारखा खरे ठोके तेवढे मोजायचा. श्रीकांतच्या बोर्डाला मात्र कुणी पँट्रीत इलेक्ट्रिक किटली लावली तरी खोटे ठोके दिसायचे. त्यानं सकाळपासून ऑफिसचा चहाच बंद करवला होता.

"चहाला भितं ते ऑटोत काय चालणार हो?" मॅनेजर शिवराज म्हणाले. "हल्लू हल्लू सगळे चहासाठी माझ्याशी भांडायला यायलेत."

जेवणाची सुट्टी झाली. सगळे वर गेले. प्रणिता डबा उघडून "वहिनींच्या हाताला काय चव आहे!" म्हणाली, ते ऐकून श्रीकांतनं आपल्या डब्याला झाकण लावलं. तो उठून लॅबमध्ये आला. एवढ्या चांगल्या बोर्डात काहीतरी खोट असणारच, आणि ती अरविंदराव येण्याआधी सापडली तर किती बरं, असा त्याचा हिशेब. त्यानं विजेचा आलेख दाखवणारा स्कोप सुरू केला आणि त्याची तपासायची सुई, प्रोब, तिच्या बोर्डाला लावली.

प्रोबला एक काळी क्लिप असते. ती आतून थेट जमिनीला जोडलेली, म्हणून चारशे व्होल्टच्या तारेला कधीही लावायची नाही, लावली की शॉर्टसर्किट. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हा पहिला धडा श्रीकांतच द्यायचा. भिंतीवर तशी पाटी होती, त्याच्याच सहीची. त्या पाटीखाली उभं राहून, नजर खोट शोधण्यात गुंतवून, त्यानं काळी क्लिप चारशे व्होल्टच्या तारेला लावली.

धाड! स्कोप काळाठिक्कर. श्रीकांतच्या बोर्डावरचा आकडा सरसर चढत गेला आणि त्यातून धूर निघाला. प्रणिताच्या बोर्डानं तो एकच खरा ठोका मोजून शांतपणे आकडा दाखवला: एक.

आवाज ऐकून शिवराज धावत आले. मागे प्रणिता, आणि लवकर पोचलेले अरविंदराव.

"अरे, काय केलं हे?"

श्रीकांतच्या हातात क्लिप होती. "टेस्ट केली, सर," त्याच्या तोंडून निघून गेलं. "वाईटात वाईट झालं तर कोण टिकतंय ते बघितलं."

अरविंदराव खाली वाकले. एकदा धुराकडे, एकदा त्या एकच्या आकड्याकडे बघितलं. "आमच्या ऑटोवाल्यांच्या हातात हे असंच होणार. हेच तर कुणी करून दाखवत नाही! हाच बोर्ड घेतो आम्ही."

प्रणिताचे डोळे भरून आले. "सर, माझा बोर्ड सिद्ध करायला तुम्ही स्वतःचा जाळलात?"

"हौ," श्रीकांत म्हणाला. त्यानं हातातली क्लिप हळूच खाली ठेवली.

"उद्या आमच्या मोठ्या साहेबांना आणतो," अरविंदराव म्हणाले. "हीच टेस्ट, यांच्याच हातानं. बोर्ड टिकला तर ऑर्डर पक्की. आणि नाही टिकला, तर टेस्ट करणाऱ्यालाच विचारू."

"प्रोजेक्ट प्रणिताचा, टेस्टिंग श्रीकांतचं!" शिवराजनी जाहीर करून टाकलं. "आणि पँट्रीत सांगा, किटली लावा म्हणून!"

सगळे चहाला गेले. श्रीकांत मागे टेबलाशी थांबला. सकाळपासून ज्या बोर्डाचं वाईट चिंतलं, त्यावर तो पंख्यासारखा हात हलवून आपल्या बोर्डाचा धूर उडवत राहिला. मग प्रणिताला हाक मारली.

"अगं, इकडं ये. हा फ्यूज जरा मजबूत लाव. आणि हे सोल्डरचे टाके कच्चे वाटायलेत मला." त्यानं सोल्डरिंग गन तापत ठेवली. "उद्या याला काही झालं ना, तर माझ्याशी गाठ आहे."