डिंकाचा लाडू आणि परदेशी सुतारपक्षी

मांडी घालून बसा बाळांनो, आणि ते मोबाईल आधी खाली ठेवा. एका जंगलात दमयंतीबाई नावाची खार राहायची. तिची लेक केतकी शिकायला परदेशी जंगलात निघाली. काय शिकायला, ते दमयंतीबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. पण सांगितलं मात्र सगळ्या झाडांना.

बॅग आईनेच भरली. मेतकूट, भाजणी, वेखंड आणि डबाभर डिंकाचे लाडू. संकटात काय करावं, याचा एक कागद तिकडच्या विद्यापीठाने पाठवला होता. तो आईने घडी घालून लाडवांच्या डब्याखाली अंथरला. तूप पाझरलं तर टिपायला बरा.

तिकडे प्रत्येक झाडावर एक सुतारपक्षी नेमलेला. धूर दिसला की त्याने कर्कश ओरडायचं आणि सगळ्यांनी खाली बर्फात जाऊन उभं राहायचं, असा नियम.

पहिल्याच रविवारी केतकीने आमटीला फोडणी दिली. मिरच्या जरा करपल्या. सुतारपक्षी ओरडला. अख्खं झाड ओल्या शेपटांनी बर्फात कुडकुडत उभं राहिलं. सगळे वळून वळून केतकीकडे बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. केतकीने रडत फोन लावला.

"आई, मी आता फोडणीच देणार नाही."

"बिनफोडणीचं जेवतेस? अगं, मग गेलीस कशाला इतक्या लांब?" दमयंतीबाई म्हणाल्या. "त्या पाखराला आधी एक लाडू दे. भरल्या तोंडाने कुणी ओरडतं होय?"

सुतारपक्ष्याला लाडू भलताच आवडला. डिंक असा घट्ट की चोच तासभर उघडेना. आमटी खमंग झाली. मग काय, रोज एक लाडू.

एका दुपारी सगळं झाड वर्गात गेलं होतं. केतकीने सुतारपक्ष्याला लाडू दिला, तेल तापत ठेवलं आणि जरा पाठ टेकली. डोळा लागला. तेलाने पेट घेतला.

सुतारपक्ष्याने धूर पाहिला. ओरडायला गेला, तर नुसतं "अं, अं". बिचारा घाबरला. आत पोरगी झोपलेली. शेवटी त्याने चोचीतला लाडू तसाच ढोलीच्या दारावर आपटायला सुरुवात केली. दमयंतीबाईंचा लाडू तो. दार हादरलं.

केतकी खोकत बाहेर पळाली. पासपोर्ट आत राहिला, हातात लाडवांचा डबा आला. शेपटीचं टोक होरपळलं होतं. डब्याच्या बुडाला तो कागद चिकटलेला होता. पहिलीच ओळ होती: धोक्याची सूचना देणाऱ्याला अडवू नये.

तिने आईला फोन केला. सगळं सांगितलं. आई रडली, मग नाक पुसून म्हणाली, "बघ, लाडू होता म्हणून वाचलीस. आणखी दोन डबे पाठवते."

तात्पर्य: धोका सांगणाऱ्याचं तोंड बंद करायचंच असेल, तर कडक लाडवाने करावं. निदान दार तरी वाजतं.