कादिसचे तीन सूर्यास्त आणि निघण्याची कार्यपद्धती

समाज किती सुसंस्कृत आहे हे तो पाहुण्याला घरात कसा घेतो यावरून कळत नाही, घराबाहेर कसा जाऊ देतो यावरून कळतं. या कसोटीवर स्पेनचा हात धरणारा देश नसावा, कारण तिथे पाहुणा सहसा बाहेर पडतच नाही. (काही पडलेले आढळतात, पण ते बहुधा आजारी असतात.)

या थोर परंपरेला एकच व्यक्ती अपवाद होती, ती म्हणजे सोरियाची सातुरिया. सोरिया हे डोंगरातलं थंड गाव. तिथल्या बसस्थानकावर तिने एकतीस वर्षं गाड्या सोडल्या. तिची गाडी सुटायच्या वेळी सुटायची. प्रवासी आत आहे की पायरीवर एक पाय ठेवून बहिणीशी बोलतोय, हा प्रवाशाचा खाजगी प्रश्न होता. नवरा एउतिमिओ याचं केस कापायचं दुकान. केस कापायला त्याला वीस मिनिटं लागत आणि कापलेल्या गिऱ्हाइकाला दारापर्यंत पोचवायला पस्तीस. दिवसभर दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असत, त्यामुळे संसार सुखाचा झाला.

चौतीस वर्षांपूर्वी एउतिमिओने नव्या नवरीला शब्द दिला होता की, लग्नानंतर लगेच कादिसला जाऊ आणि समुद्रात मावळणारा सूर्य बघू. घरच्यांचा निरोप घेता घेता गाडी चुकली आणि मधुचंद्र मावशीकडे पार पडला. सूर्य सोरियातही मावळतो, पण डोंगराआड, घाईघाईत. सातुरियाला तो पाण्यात जाताना पाहायचा होता, आणि एउतिमिओच्या शेजारी बसून पाहायचा होता. एकटीनेच बघायचा असता तर ती केव्हाच जाऊन आली असती. याखेरीज तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं.

दोघंही निवृत्त झाल्यावर ऑक्टोबरात तीन दिवसांचा बेत ठरला. शुक्रवारी दुपारी पोचायचं, सोमवारी सकाळी परतायचं. म्हणजे सूर्यास्त तीन. त्यांच्या वेळा सातुरियाने कागदावर लिहून घेतल्या: आठ पाच, आठ तीन, आठ दोन. एउतिमिओने कौतुकाने कागद पाहिला आणि सांगितलं की सक्तीच्या लष्करी सेवेतला त्याचा सोबती सेर्वांदो तिथेच राहतो, किनाऱ्यापासून सात मिनिटांवर. शुक्रवारी त्याच्याकडे जेवू आणि तसंच पुढे समुद्रावर जाऊ.

इथे सर्वत्र प्रचलित असलेली कार्यपद्धती नमूद करणं आवश्यक आहे. पहिल्या टप्प्यात पाहुणा दोन्ही मांड्यांवर थापा मारून “बरं, तर मग...” म्हणतो. यावर कोणीही उठत नाही. उठणं असभ्य समजलं जातं. दुसऱ्या टप्प्यात सगळे उठतात, कुणाला तरी तब्येतीचं विचारायचं राहिलेलं आठवतं आणि सगळे बसतात. तिसऱ्यात दारापाशी गालांचे दोन-दोन मुके होतात, आणि ज्या विषयासाठी खरं तर भेट होती तो निघतो. चौथा टप्पा जिन्यात, पाचवा खालच्या दरवाजात. सहाव्यात पाहुणा रस्त्यावर असतो आणि यजमान सज्जातून ओरडून त्याला जेवला का नीट, असं विचारतो. (मधल्या कुठल्याही टप्प्यावर नवा माणूस आला तर कामकाज पहिल्यापासून सुरू होतं.)

शुक्रवारी सेर्वांदोच्या घरी मसाल्यात मुरवलेला तळलेला मासा होता, चिमुकल्या कोळंबीच्या कुरकुरीत चकत्या होत्या आणि सगळंच फार छान होतं. एउतिमिओने सहा वाजून दहा मिनिटांनी मांड्यांवर थापा मारल्या. दोघं रस्त्यावर आली तेव्हा आठ वीस झाले होते. तो दिवसभर खूश होता. ती कागदाकडे बघत होती.

शनिवारी तिने सावधगिरी बाळगली. घरी जायचंच नाही. सेर्वांदो आणि त्याची बायको रेग्ला यांना किनाऱ्याजवळच्या दुकानात बोलवायचं, तेही उभ्याने पेयपान होईल अशा. खुर्ची नाही म्हणजे पहिले दोन टप्पे वाचतात, असा तिचा हिशेब. तो बरोबर होता. सव्वासातला सगळे तिसऱ्या टप्प्यावर होते, आणि तेवढ्यात समोरून रेग्लाची बहीण आली. आठ वाजून दहा मिनिटांनी समुद्रावरून माणसं परतू लागली. त्यातल्या एका बाईने जाता जाता सांगितलं, आज फार सुंदर झाला. सातुरियाने तिचे आभार मानले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते वाऱ्यानेही येतं.

त्या रात्री तिने कागदावरच्या पहिल्या दोन वेळा खोडल्या. सकाळी एवढंच बोलली, “आज तू आणि मी. तिसरं कुणी नाही.”

एउतिमिओने शपथ घेतली. मात्र सेर्वांदोला न भेटता कसं जायचं, पाचला फक्त उभ्याउभ्या निरोप घेऊन येऊ, पाच मिनिटं, असंही तो म्हणाला. ज्यांना स्पेनचा अनुभव आहे त्यांना इथे काळजी वाटली असेल. नुसता निरोप घ्यायला जाणं म्हणजे नुसते पाय भिजवायला पुराच्या नदीत उतरणं.

मधेच रेग्लाची बहीणही आली, आणि सात वाजून पंचवीस मिनिटांनी कामकाज तिसऱ्यांदा दुसऱ्या टप्प्यावर आलं. सेर्वांदोच्या गुडघ्याचा विषय निघाला होता. सातुरियाने पर्स उचलली आणि ती निघाली. मुका नाही, थाप नाही, शब्द नाही. याला स्पेनमध्ये फ्रेंच पद्धतीने जाणं म्हणतात. (फ्रेंच लोक यालाच इंग्रजी पद्धत म्हणतात आणि इंग्रज पुन्हा फ्रेंच, जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही.)

समुद्राकाठच्या कठड्यावर ती बसली. शेजारी पर्स ठेवून तिने एका माणसाची जागा धरली. सूर्य खाली येत होता, लाल, मोठा आणि कुणाशी न बोलता. तो पाहायला आपण आयुष्यभर थांबलो आणि आता शेजारी पर्स आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला मनापासून वाईट वाटलं.

आठला तीन मिनिटं असताना मागून धापा टाकण्याचा आवाज आला. एउतिमिओ पळत आला होता. पर्स उचलून तो तिच्या शेजारी बसला. “माझं चुकलं,” तो म्हणाला. तिने त्याचा हात धरला. मग मागून सेर्वांदो, रेग्ला आणि रेग्लाची बहीण आली, कारण सातुरियाचा निरोप राहिला होता. तिला मुका देता यावा म्हणून तिघंही तिच्या आणि सूर्याच्या मधे उभी राहिली.

“बाजूला व्हा,” सातुरिया म्हणाली. गाडी सोडायचा आवाज तिच्या गळ्यात अजून शाबूत होता. “बसा आणि गप्प राहा. दोन मिनिटं.”

सगळे बसले. आणि सेर्वांदोच्या कुटुंबात, उपलब्ध माहितीनुसार, प्रथमच दोन मिनिटं कोणी बोललं नाही. सूर्याची कड पाण्याला टेकली, अर्धा गेला, मग सगळाच गेला. कादिसमधून वेळेवर निघालेला त्या दिवशीचा तो एकटाच. एउतिमिओ नाक पुसत होता. सातुरिया हसत होती आणि गालांवर ओघळ आले होते, आणि या वेळी वारा अजिबात नव्हता.

बऱ्याच वेळाने रेग्ला हळूच म्हणाली, “अकरा वर्षांनी बघितला मी.”

“अगं, सात मिनिटांवर राहतेस ना?” सातुरियाने विचारलं.

“राहते. पण या वेळेला दारात कुणी ना कुणी निघालेलं असतंच.”

सेर्वांदोने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिची नि त्याची ओळख आत्ता होत होती.

यानंतर पाचही जण एक तास दहा मिनिटं तिथेच निरोप घेत होते आणि त्यात सर्वात जास्त वेळ सातुरियाने घेतला, हे नोंदीसाठी सांगून ठेवतो. गोष्ट इथे संपली. आपण निघायला मोकळे आहात.

अजून इथेच? तर मग, मागच्या रविवारी तुम्ही ज्यांच्याकडे जेवलात, त्यांच्या जिन्यात एक पाय खालच्या पायरीवर ठेवून पाऊण तास उभे होतात. दार धरून उभी असलेली ती बाई हसत होती, हो हो म्हणत होती. तिला त्या संध्याकाळी कुठे जायचं होतं, ते काही तुम्ही विचारलं नाहीत.