उघड्या खिडक्यांतलं व्याख्यान

सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवण्याचा हुकूम खुद्द प्रोफेसर एगबर्ट श्टाइनहॉफ यांचा होता. बाहेर हार्त्सच्या डोंगरावरून जानेवारीचं वारं सुटलेलं आणि कारंज्याचं पाणी गोठलेलं.

"साहेब, निदान शेगडी तरी पेटवू द्या," शिपाई म्हणाला.

"अजिबात नाही! एवढी माणसं श्वास सोडणार, हवा दमट होणार. दमट हवेत माझ्या यंत्रावरचा विद्युतभार टिकत नाही. लोक प्रयोग बघायला येताहेत, ऊब खायला नाही."

लोक ऊब खायलाच आले होते. लढाई हरल्यापासून गावात कोळसा मिळेनासा झाला होता. एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या व्याख्यानाला सभागृह नक्की तापवतील, या हिशेबाने पाववाल्या फ्राउ बोडेनश्टाइनपासून निवृत्त पोस्टमास्तरांपर्यंत निम्मं गाव येऊन बसलं होतं. बाकीचे श्रोते विद्यापीठाचे. पहिल्या रांगेत बर्लिनचे वयोवृद्ध प्रोफेसर टेसमर. बर्लिन विद्यापीठातली प्राध्यापकाची रिकामी खुर्ची कुणाला द्यायची हे ते ठरवणार होते, आणि ती आपल्यालाच मिळणार म्हणून श्टाइनहॉफ यांनी तिथल्या घराच्या पडद्यांचं कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं.

माणूस मोठा होता, यात वाद नाही. तसं ते स्वतःच उठता-बसता सांगत. फक्त एवढंच, की प्रकाश इलेक्ट्रॉनवर आदळला की काय होतं, हे ज्या गणितामुळे जगाला कळलं, ते गणित त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर ओटिली क्रानेफेल्ड यांचं होतं. बाई चाळिशीच्या, तोंडाने फटकळ. निबंधावर नाव एकट्या प्रोफेसरांचं, आणि तळाशी बारीक अक्षरांत बाईंचे आभार, मुद्रितं तपासल्याबद्दल. बाईंनी जाब विचारला तेव्हा प्रोफेसर हसले होते.

"अहो क्रानेफेल्डबाई, सत्याला नाव नसतं."

"मग तुमचं कशाला छापलंय तिथे?"

"सत्याची जबाबदारी घ्यायला कुणीतरी लागतं ना!"

तर ही जबाबदारी घेतलेली स्वारी व्यासपीठावर चढली. मागे यंत्रापाशी बाई उभ्या. आजचं भाषणही त्यांनीच लिहून दिलेलं.

सुरुवात झकास झाली. धातूच्या पत्र्यावर लाल दिव्याचा झोत सोडला. काही झालं नाही. मग प्रोफेसरांच्या कोपराशीच ठेवलेला विजेचा प्रखर दिवा पेटला, त्याचे डोळ्यांना न दिसणारे किरण पत्र्यावर पडले, आणि यंत्रातली, विद्युतभाराने फाकलेली सोन्याच्या वर्खाची दोन पानं भार गेल्यामुळे अलगद मिटली.

"पाहिलंत? इलेक्ट्रॉन उडाले! लाल प्रकाश कितीही ओता, ते ढिम्म हलत नाहीत. कारण प्रकाश पाण्यासारखा वाहत येत नाही, दाण्यादाण्यांनी येतो. दाणे किती याला महत्त्व नाही. एकेक दाणा किती जोराचा, याला आहे."

एवढ्यात मागच्या बाकांखालून आवाज आला. खर्र, खर्र.

आमच्या विद्यापीठांत भाषण आवडलं की बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात, आणि नाही आवडलं की बूट जमिनीवर घासतात. बुटांच्या त्या खरखरीने भल्याभल्यांची कारकीर्द बुडाली आहे. फ्राउ बोडेनश्टाइनना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचे पाय गारठले होते, म्हणून त्या ते घासत होत्या. त्यांचं बघून पोस्टमास्तरांनी सुरू केलं, मग ती सगळी रांग.

प्रोफेसर चपापले. "अर्थात, प्रकाश लाटांसारखाही वागतो."

खर्र, खर्र. आता मधल्या रांगाही.

"किंबहुना मुख्यतः लाटांसारखाच!"

"अहो, काय बोलताय?" बाई मागून कुजबुजल्या. "कागदावर आहे ते वाचा ना."

"ऐकू येत नाही तुम्हाला? हाणून पाडताहेत मला!"

"थंडी वाजतेय त्यांना."

"काहीतरीच काय! इथे कुठे थंडी आहे?" दिव्याशेजारी उभे राहून कपाळावरचा घाम पुसत प्रोफेसर म्हणाले.

त्यांनी दाणे मागे घेतले, लाटा मागे घेतल्या, मग इलेक्ट्रॉन आहे की नाही याबद्दलही शंका काढली. एवढ्या पक्क्या शास्त्राची इतकी घाऊक माघार आमच्या गावाने कधी पाहिली नव्हती. आणि मग पहिल्या रांगेत, शहरी पातळ बुटांतले म्हाताऱ्या टेसमर यांचे पाय हलले. खर्र.

बर्लिनची खुर्ची डोळ्यांदेखत चालली. प्रोफेसरांचा उरलासुरला धीर सुटला.

"हे गणित माझं नाहीच मुळी!" ते ओरडले. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं या क्रानेफेल्डबाईंचं! मी नुसती सही केली! जे काय चुकलं असेल ते यांना विचारा!"

सगळे बूट एकदम थांबले. टेसमर सावकाश उभे राहिले.

"चुकलंय? आम्ही महिनाभर ते गणित तपासलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाई, खरंच तुमचं आहे हे?"

"हो," क्रानेफेल्डबाई म्हणाल्या. "शंका असेल तर फळा पुसून पुन्हा करून दाखवते."

"मग... मग तुम्ही पाय का घासलेत?" प्रोफेसरांनी टेसमर यांना विचारलं.

"पायांची बोटं बधिर झालीत हो माझी! माणसाने काय करावं?"

प्रोफेसर घाईघाईने म्हणाले, "मी गंमत केली. म्हणजे, तसं अगदी सगळंच काही..." पण विद्यापीठाच्या लोकांनी बाक ठोकायला सुरुवात केली होती. गारठलेले हात गरम होतात म्हणून गावकऱ्यांनीही जोरात ठोकले.

बर्लिनची खुर्ची क्रानेफेल्डबाईंना मिळाली. इकडे गावातल्या वर्तमानपत्राने प्रोफेसरांवर लेख छापला: हाताखालच्या बाईला भर सभेत श्रेय देणारा थोर मनाचा गुरू! प्रोफेसरांनी तो चौकटीत बसवून दारासमोर लावला, आणि वर्षभरात त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. लाज नावाची वस्तू त्या घरात कधी नव्हतीच.

बर्लिनला एकदा जेवताना टेसमर यांनी विषय काढला. "काही म्हणा, एवढ्या लोकांत असं सांगायला मोठं काळीज लागतं. की तेही तुम्हीच लिहून दिलं होतं?"

बाईंनी बटाट्यावर मीठ भुरभुरवलं.

"छे! ते त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलं. उभ्या कारकिर्दीत तेवढंच."