पाबा नसलेली क्रीम

सनस्क्रीनच्या चार हजार ट्यूब गोदामात पडून होत्या. उन्हाळा संपायच्या आत त्या खपल्या तर विक्री सांभाळणाऱ्या मेहुण्याला स्वतंत्र केबिन, नाही खपल्या तर कायमची सुट्टी. हे दाजींनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, बिस्किट चहात बुडवत सांगितलं होतं.

दोनच दिवसांत मेहुणा जवळजवळ नाचतच प्रयोगशाळेत शिरला.

"बाई, आपल्या क्रीममध्ये पाबा आहे का?"

केमिस्टबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ते जुनं रसायन? ऊन अडवायचं, पण काहींना पुरळ उठायचं, कपडे पिवळे पडायचे. आता कोण घालतंय? आपण तर कधीच घातलं नाही."

"मग तसं ठळक लिहू या. खोटं थोडंच आहे?"

"रॉकेलही नाही त्यात. तेही लिहा."

पण मेहुण्याच्या अंगात आलं होतं. आठवड्याभरात ट्यूब दुकानांत पोचल्या, प्रत्येकीवर लाल पट्टी : 'पाबा नाही.' आणि फोन घणघणू लागला.

"म्हणजे इतके दिवस होता?"

"कधीच नव्हता, काकू."

"मग आजच का सांगताय?"

मेहुण्याने उत्तरादाखल आणखी पट्ट्या छापल्या. दुसरी चिकटली : 'पूर्वीही नव्हता.' तेवढ्यात दुकानदारांनी विचारलं, "तुमच्या साबणावर काहीच लिहिलेलं नाही. त्यात आहे वाटतं?" मग साबणाला पट्टी, पावडरला पट्टी. शेवटी कंगव्यालाही लागली. केमिस्टबाईंनी कंगवा फक्त उजेडात धरून बघितला.

महिन्याच्या आत सगळा माल परत आला. भर उन्हात खोकी उतरवून मेहुणा थेट ताईकडे पळाला.

"ताई, तुझं दाजी ऐकतात. क्रीम चांगली आहे, एवढंच सांग."

"सांगते रे. आधी इकडे ये, नाक बघ कसं भाजलंय." ताईने पर्समधून ट्यूब काढून त्याच्या नाकाला क्रीम चोपडली.

"ही आपली नाही," मेहुणा क्षीण आवाजात म्हणाला.

"आपल्या क्रीमची काहीतरी भानगड आहे म्हणे. हिच्यावर बघ, काय नाही याचा एक शब्द नाही. लपवायचंच नसेल काही."

दाजी दारात उभे होते. त्यांनी ट्यूब उलटसुलट करून वाचली, मग ते पांढरं नाक न्याहाळलं.

"सगळ्या पट्ट्या नखांनी खरवडायला किती दिवस लागतील?"

"एकट्याला? वर्ष जाईल, दाजी."

"मग वर्षभर तुझी नोकरी पक्की. कंगव्यांपासून सुरुवात कर."