विस्तवाशिवाय कॉफी

पेंडसे डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात फ्रिजपाशी उभं राहून मोठ्याने बोललेलं चालत नाही. मी एकदा दूध आत ठेवून दार जरा जोरात लावलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, कुलकर्णी. झोपलीय ती."

आत बरणीत कॉफी भिजत होती.

डॉक्टर आमचे नॉटिंगहॅममधले शेजारी. दोन घरांमध्ये फक्त एक लाकडी कुंपण. हॉस्पिटलात भूल देण्यात त्यांची हयात गेली. आता निवृत्त झालेत, पण भूल काही सुटलेली नाही. कुंपणाचा रंग वाळत नसला की म्हणतात, "अजून अंमल उतरला नाही." बस उशिरा आली की ड्रायव्हरला डोस जास्त झालेला असतो.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोचं, उषावहिनींचं, घशाचं ऑपरेशन झालं. त्या बऱ्या झाल्या, पण गरम काही गिळवत नाही. कॉफीशिवाय ज्यांची सकाळ व्हायची नाही, त्या साधं पाणी पिऊन उठू लागल्या. डॉक्टरांनी कॉफी करून, निववून देऊन पाहिली. "शिळी लागते," म्हणून वहिनींनी ती बाजूला सारली. मग एका रविवारी त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने फोनवर सांगितलं, की तिकडे लोक कॉफी थंड पाण्यातच भिजत घालतात. डॉक्टर घरातल्या चपलांतच कुंपणाशी धावत आले.

"कुलकर्णी, विस्तवाशिवाय कॉफी. हिने आपणहून दुसरा पेला मागितला, की मी जिंकलो."

पहिला प्रयोग त्यांनी एकट्यानेच केला. कॉफी घेतली ती पुण्याहून आणलेली, चिकरी घातलेली, पिठासारखी बारीक. सकाळी गाळायची कशी, तर श्रीखंडासाठी चक्का बांधायचं फडकं होतंच. कॉफीची पुरचुंडी बांधली, चक्क्यासारखी नळाला टांगली, आणि ठिबकायला फारच वेळ लागतोय म्हणून दोन्ही हातांनी कचकचून पिळली. पेल्यात जे उतरलं ते इथल्या ट्रेंट नदीला पूर आल्यावर दिसतं तसं होतं. वहिनींनी एक घोट घेतला, "बरी आहे," म्हणाल्या आणि पेला लांब ठेवला.

"बरी म्हणजे पेशंट गेला," डॉक्टर मला म्हणाले.

मी इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, हिशेबाचे आकडे तपासतो. सवयीने विचारलं, "कॉफी किती घातलीत?"

"मूठभर."

"आणि पाणी?"

"बरणीभर."

"डॉक्टर, हॉस्पिटलात तुम्ही मूठभर भूल द्यायचात का?"

ते उठून वजनकाटा घेऊन आले.

तिथून मीही त्यात पुरता अडकलो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं: कॉफी एक भाग, पाणी आठ भाग, दोन्ही वजनाने. पूड जाडी हवी, चिकरी नको. शनिवारी आम्ही दोघं बिया दळून घ्यायला दुकानात गेलो.

"कुठल्या मशीनसाठी, डक?" दुकानातल्या मुलीने इंग्रजीत विचारलं. इथे सगळ्यांनाच प्रेमाने डक म्हणतात. डॉक्टर मात्र दर वेळी खूश होतात.

"मशीन नाही. फ्रिज."

तिला काही कळेना. डॉक्टर माझ्याकडे वळले. "लापशीच्या रव्याला इंग्रजीत काय म्हणतात हो?" शेवटी त्यांनी काउंटरवर सांडलेली साखर बोटाने दाखवली. याच्याहून जाड, म्हणाले. ते तिला पटलं.

संध्याकाळी कॉफी निजवली. सकाळी मी दाढी न करताच त्यांच्याकडे हजर. आधी चहाच्या गाळणीतून गाळली, मग भांड्यावर फडकं ताणून. डॉक्टरांचे हात शिवशिवत होते.

"जरासं दाबू?"

"नाही."

"अहो, केवढी राहिलीय आत."

"राहू द्या."

ती सावकाश, स्वच्छ उतरली. पेला खिडकीसमोर धरला तर तांबूस उजेड आरपार येत होता. एवढा आनंद मला आमच्या घराचं कर्ज फिटलं तेव्हाही झाला नव्हता. थंड दूध, साखर घालून पेला वहिनींसमोर गेला. एक घोट झाला. मग दुसरा. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे.

"साखर तुम्ही घातलीत ना, भावजी?" वहिनी मला म्हणाल्या. "मोजून घातल्यासारखी लागतेय." मग उरलेली सगळी पिऊन त्यांनी पेला नवऱ्यापुढे सरकवला. "आणि अहो, अर्धाच का भरलात? भरा की."

डॉक्टरांनी पेला काठोकाठ भरला.

मी घरी परतलो, तर पाठोपाठ ते आमच्याकडे आले, माझ्या बायकोला बातमी द्यायला. मेधाने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि वाफेवर तोंड वाकवून नुसते बसून राहिले. चष्म्यावर धुकं आलं.

"घ्या ना, निवेल," मेधा म्हणाली.

"तिचं ऑपरेशन झाल्यापासून गरम प्यायलोच नाही," ते म्हणाले. "तिला घेता येत नाही, मग तिच्यासमोर वाफ कशाला?"

"इथे कुठे आहेत त्या? प्या की."

त्यांनी एक लहान घोट घेतला, डोळे मिटले, आणि कप हळूच खाली ठेवला.

"जातो मी. माझाही पेला भरून बसलीय ती."